डोळस पाहुणी : मारिया ग्रॅहमच्या रोजनिशीची प्रस्तावना

२६ मे १८०९ रोजी ‘कॉर्नेलिया’ हे इंग्रजी आरमाराचे जहाज वीस आठवड्यांचा प्रवास संपवून मुंबई बंदरात आले. मुंबईच्या गोदीतल्या आरमारी कामावर प्रमुख म्हणून नेमले गेलेले जॉर्ज डंडास या जहाजावर होते आणि त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी मारिया होती. तिचे वय तेवीस. याच जहाजावर टॉमस ग्रॅहम या आरमारी अधिकाऱ्याशी तिची ओळख झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईत दोघांचे लग्न लागले. १८११ मध्ये तिने हिंदुस्थान सोडला. मधल्या दोन वर्षांत तिने मुंबई, साष्टी, घारापुरी, कार्ले, पुणे, सिंहलद्वीप, मद्रास आणि कलकत्ता पाहिले. जे पाहिले ते लिहिले आणि लिहिताना चित्रेही काढली. १८१२ मध्ये एडिंबरोच्या कॉन्स्टेबल या प्रकाशकाने तिची रोजनिशी छापली आणि पुढच्याच वर्षी तिची दुसरी आवृत्ती निघाली.

त्या रोजनिशीतला आपल्या मुलखाचा भाग आता मराठीत येतो आहे. हे पुस्तक वाचायचे कशासाठी, हा प्रश्न वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे. कंपनीच्या काळात आलेल्या साहेबांची प्रवासवर्णने काही थोडी नाहीत. त्यातली बरीचशी मोहिमांची, तहांची आणि महसुलाची आहेत. मारियाच्या हाती कुठलाही अधिकार नव्हता. कुणाला अहवाल पाठवायचा नव्हता, की कुठला मुलूख जिंकायचा नव्हता. इथली झाडे, देवळे, लेणी, बाजार, पोशाख आणि माणसे कशी आहेत हे तिला स्वतःला समजून घ्यायचे होते. पेशवाई बुडायला अवघी आठ वर्षे उरली असताना आपला मुलूख डोळ्यांना कसा दिसत होता, हे सांगणारा असा बिनसरकारी साक्षीदार आपल्याला फार क्वचित मिळतो.

ती आली तेव्हाची मुंबई आजच्या वाचकाने आधी डोळ्यांसमोर आणायला हवी. सात बेटांमधल्या खाड्या भरून निघत होत्या, पण शहर म्हणजे मुख्यतः कोट, त्यापुढचे मोकळे मैदान आणि मैदानापलीकडची नारळी-पोफळीत दडलेली देशी वस्ती. लोकसंख्या दोन लाखांच्या वर असावी, असा मारियाचा अंदाज. गव्हर्नर होते जोनाथन डंकन. शीवच्या खाडीवर त्यांच्याच काळात बांध पडून मुंबई साष्टीला जोडली गेली होती. साष्टी इंग्रजांकडे होती. खाडीपलीकडचे पनवेल, घाट आणि वरचा देश पेशव्यांचा होता. पुण्याला जायचे म्हणजे परमुलखात जायचे. मुंबई हे अजून कुठल्याही मोठ्या राज्याचे मुख्य ठाणे नव्हते. ते गोदीचे आणि व्यापाराचे गाव होते. वाडिया घराण्यातले जमशेटजी बमनजी त्या गोदीत सागवानी जहाजे बांधत होते. १८१० मध्ये पाण्यात उतरलेली ‘मिंडन’ ही ७४ तोफांची युद्धनौका त्यांच्याच हातची, आणि ब्रिटनबाहेर बांधलेली इंग्रजी आरमाराची ती पहिली मोठी युद्धनौका. मारियाचे वडील याच गोदीत कामाला होते, त्यामुळे मुंबईचे हे अंग तिला घरबसल्या दिसत होते.

मुंबईत आणखी एक दार तिच्यासाठी उघडले गेले. शहराचे न्यायाधीश सर जेम्स मॅकिंटॉश हे मोठे व्यासंगी गृहस्थ. त्यांनी १८०४ मध्ये परळला लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन केली होती. आजच्या एशियाटिक सोसायटीची ती पूर्वज. मॅकिंटॉश यांच्या घरच्या गप्पा आणि पुस्तके यांचा मारियाला मोठा लाभ झाला. तिची तयारीही त्या तोलाची होती. वडील कायम समुद्रावर असल्याने तिचे बालपण निवासी शाळेत गेले. पुढे एडिंबरोत काकांच्या घरी राहताना डुगल्ड स्टुअर्ट, जॉन प्लेफेअर यांच्यासारख्या नामवंत प्राध्यापकांच्या वर्तुळात ती वावरली. मलमल नेसलेले तत्त्वज्ञान, अशा अर्थाचे नाव तिथल्या मंडळींनी या तरुण मुलीला ठेवले होते. क्षयाच्या दुखण्याने तिला लहान वयातच गाठले होते आणि ते दुखणे आयुष्यभर पाठीशी राहिले. अशा प्रकृतीची मुलगी डोली, गलबत, घोडा असे मिळेल ते वाहन घेऊन उन्हापावसात हिंडली, हे वाचताना विसरू नये.

त्या काळी हिंदुस्थानात येणाऱ्या अविवाहित इंग्रज मुलींकडे एकाच नजरेने पाहिले जाई : ही नवरा शोधायला आलेली आहे. मारियाचे पुस्तक निघाल्यावर ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’च्या समीक्षकानेही तोच सूर लावला. तरुण मुली तिकडे जातात त्या लग्नासाठी, माहिती गोळा करायला नव्हे, तेव्हा हे पुस्तक म्हणजे एक वाङ्मयीन नवलच, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. त्याआधी १७७७ मध्ये जेमायमा किंडर्सली यांची हिंदुस्थानातून लिहिलेली पत्रे छापून आली होती. तरीही बाईने अभ्यासाच्या हेतूने हा देश पाहावा आणि त्यावर आपल्या नावाने पुस्तक काढावे, हे समीक्षकांच्या गळी उतरत नव्हते. मारियाचे उत्तर तिच्या पुढच्या पुस्तकात आहे. हिंदुस्थानचा धर्म, इतिहास, भाषा आणि वाङ्मय यांवरची तिची ‘लेटर्स ऑन इंडिया’ ही पत्रे १८१४ मध्ये प्रसिद्ध झाली. पुस्तकाकडे नवल म्हणून पाहणाऱ्यांपुढे तिने दुसरे, आणखी भारदस्त पुस्तक ठेवले.

मुंबईतल्या तिच्या नोंदींत सर्वांत कडक शब्द आहेत ते तिच्याच समाजाबद्दल. इंग्रजांच्या मेजवान्या तिला विलायतेतल्या एखाद्या लहान गावातल्या बैठकींसारख्या कंटाळवाण्या वाटल्या. तिथल्या बायका कमी शिकलेल्या आणि नको तितक्या नटलेल्या आहेत, असे तिने सरळ लिहिले. वर्षानुवर्षे इथे राहूनही इथल्या लोकांविषयी काडीचे कुतूहल नसलेली माणसे पाहून ती वैतागली. स्वतः मात्र ती पारशांचे विद्वान धर्मगुरू मुल्ला फिरोज यांना भेटली आणि काझींच्या घरी जनान्यातही गेली. जनान्याच्या प्रसंगात ती लेखिका म्हणून कशी आहे ते नीट कळते. तिथे पुरुष प्रवाशाला प्रवेशच नव्हता, त्यामुळे ही पाने फक्त बाईच लिहू शकली असती. दागिने, कपडे, बसण्याची पद्धत, पाहुणचार हे सारे ती बारकाईने टिपते. पण त्या बायकांच्या अज्ञानाविषयी निकाल देताना तिची घाई होते. एका भेटीत, दुभाष्यामार्फत, कुणाच्या मनात काय आहे ते कळत नाही. वाचकाने तिच्या नजरेवर भरवसा ठेवावा आणि तिच्या निकालांना थोडे थांबवावे.

आंब्याची नोंद मराठी वाचकाला विशेष आवडेल. ती मुंबईत उतरली तो आंब्याचाच हंगाम. माझगावचा आंबा तेव्हा नावाजलेला होता. त्या जातीच्या मूळ झाडावर फळे धरली की शिपायांचा पहारा बसतो, असे तिने लिहून ठेवले आहे. शाहजहानच्या काळी बादशहाच्या ताटात ताजा आंबा पडावा म्हणून दिल्लीपासून मराठी किनाऱ्यापर्यंत जासूद ठेवलेले असत, हेही तिनेच नोंदवले. पुढे ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशाच्या कर्त्यांनी आंब्याच्या नोंदीत तिचाच दाखला घेतला. माझगावात आज आमराई औषधालाही सापडणार नाही. ती होती, आणि तिच्यावर पहारा बसत होता, हे आपल्याला एका परक्या मुलीच्या रोजनिशीतून कळते.

घारापुरीची पाने या पुस्तकाचा एक कळस आहेत. ज्या हत्तीमुळे पोर्तुगीजांनी या बेटाला एलिफंटा म्हटले, तो दगडी हत्ती मारिया गेली तेव्हा बेटावर आपल्या जागी होता. १८१४ मध्ये त्याचे डोके आणि मान ढासळली. पुढे १८६० च्या दशकात त्याचे तुकडे मुंबईला आणले गेले, आणि ते जोडून उभा केलेला हत्ती आज भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. म्हणजे मारियाने पाहिलेले बेट आपण पाहू शकत नाही. लेण्यातले खांब, दालने आणि तीन मुखांची ती भव्य मूर्ती मात्र तीच आहे. त्या मूर्तीला तेव्हाचे युरोपीय अभ्यासक ब्रह्मा, विष्णू, महेश यांची एकत्र मूर्ती समजत. ती शिवाचीच तीन रूपे आहेत, ही समजूत नंतर पक्की झाली. मारियाच्या मजकुरात त्या काळच्या अभ्यासाच्या अशा खुणा जागोजाग दिसतील. त्या चुका म्हणून खोडण्यापेक्षा ज्ञान कसे टप्प्याटप्प्याने जमत गेले याचा पुरावा म्हणून वाचाव्यात. शिल्पांची मोडतोड पाहून तिला झालेले दुःख खरे आहे, आणि तिच्या रेखाटनांमागची मेहनतही खरी आहे.

डिसेंबर १८०९ मध्ये ती घाटावर निघाली. मुंबईहून गलबताने पनवेल आणि तिथून पुढे खुष्कीने बोरघाट. हा घाट तेव्हा कसा होता याची कल्पना आज द्रुतगती महामार्गावरून चाळीस मिनिटांत वर चढणाऱ्याला येणार नाही. १८०३-०४ च्या धामधुमीत इंग्रज सेनापती वेलस्लीने तोफा चढवण्याजोगी वाट करून घेतली होती. गाड्यांसाठी चांगला रस्ता झाला तो १८३० मध्ये, गव्हर्नर माल्कम यांच्या वेळी, आणि रेल्वे घाट चढली ती १८६३ मध्ये. मारियाच्या वेळी माणसे चालत, घोड्यावर किंवा भोयांच्या खांद्यावर वर जात. दख्खनच्या भयंकर दुष्काळाला पाच-सहा वर्षेच लोटली होती. होळकरांच्या स्वारीने उजाड झालेली गावे अजून पुरती सावरलेली नव्हती. या वाटेचे वर्णन वाचताना हा तपशील जवळ ठेवला, म्हणजे मोकळ्या पडलेल्या जमिनींचा आणि विरळ वस्तीचा अर्थ लागतो.

कार्ल्याला ती पोचली तेव्हा त्या चैत्यगृहाविषयी जगाला फारच थोडे ठाऊक होते. अजिंठा इंग्रजांच्या नजरेस पडायला अजून दहा वर्षे होती. ब्राह्मी लिपी जेम्स प्रिन्सेपने वाचली ती १८३७ मध्ये. तेव्हा मारिया खांबांवरची आणि भिंतींवरची अक्षरे समोर पाहत होती, पण ती काय सांगतात हे तिलाच काय, तिथल्या पुजाऱ्यालाही सांगता येत नव्हते. वैजयंतीच्या भूतपालाने हे शैलगृह पुरे केले, क्षत्रप नहपानाच्या जावयाने, उषवदाताने, इथल्या भिक्षूंना गाव दिले, हे सारे त्या भिंतीवर कोरलेले होते आणि मुके होते. अशा वेळी पाहणाऱ्याच्या हाती उरतात ते फक्त डोळे. मारियाने ते पुरेपूर वापरले. घारापुरीचे लेणे आणि कार्ल्याचे लेणे एका घडणीचे नाहीत हे तिने ओळखले. इथे देवांच्या मूर्तींची गर्दी नाही, लांबट कमानदार छत आहे, दोन्ही बाजूंना खांबांची रांग आहे आणि टोकाला घुमटाकार स्तूप आहे. छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी आजही आहेत. त्यांच्याखाली उभे राहून तिची ही पाने वाचावीत, इतकी ती नेमकी आहेत. लेण्याच्या तोंडाशी एकवीरेचे देऊळ आहे. आपल्या कोळी, आगरी आणि सीकेपी घरांची ती कुलदेवता. मारियाच्या दृष्टीने ते लेण्यापुढचे एक देऊळ. आपल्या दृष्टीने तेच डोंगरावर येण्याचे मुख्य कारण. हे अंतर तिच्या पुस्तकात भरून निघत नाही आणि ते तिच्याकडून अपेक्षितही नाही. ते भरण्याचे काम मराठी वाचकाचे आहे.

चिंचवडचा प्रसंग मला या पुस्तकातला सर्वांत मोलाचा वाटतो. मोरया गोसावींच्या वंशातला देव हा गणपतीचा अवतार, अशी श्रद्धा होती. पेशव्यांसकट सगळे त्यांच्या दर्शनाला जात. पवनेच्या काठचा देवांचा तो मोठा वाडा मारियाने पाहिला आणि तिला देव भेटले. ते होते सुमारे बारा वर्षांचे एक मूल. इतर मुलांहून त्याच्यात वेगळे काही नव्हते. फक्त डोळ्यांत एक अस्वस्थ, बावरलेली झाक होती. त्याला रोज अफू दिली जाते म्हणून डोळे तसे दिसतात, असे तिला सांगण्यात आले.

हा प्रसंग नीट वाचण्यासारखा आहे. मुलाचे वय, चेहरा आणि डोळे तिने स्वतः पाहिले. अफूची गोष्ट तिने ऐकली, आणि ऐकीव आहे हे लिहिलेही. पाहिलेले आणि ऐकलेले यांच्यातली ही सीमा ती बहुधा सांभाळते. तिच्या अनेक समकालीनांना हे जमलेले नाही. आपण वाचतानाही ती सांभाळावी. श्रद्धाळू वाचकाला हे वर्णन खुपेल, अश्रद्ध वाचकाला त्यात हाती घ्यायला हत्यार सापडेल. मला त्यात दिसते ते एका तरुण बाईने एका मुलाकडे मूल म्हणून पाहणे. भोवती पूजा करणारी, मानपान सांभाळणारी, वाड्याचा कारभार पाहणारी माणसे होती. त्या गर्दीत मुलाच्या डोळ्यांकडे तिचे लक्ष गेले. चिंचवड संस्थानचा इतिहास सनदांवरून, इनामांवरून आणि मोडी दफ्तरांवरून लिहिता येतो. त्या मुलाचा चेहरा दफ्तरात सापडत नाही.

पुण्यात तेव्हा दुसरे बाजीराव गादीवर होते. १८०२ च्या अखेरीस वसईचा तह झाला आणि इंग्रजी फौजेच्या जोरावर ते पुण्याला परतले, त्याला सात वर्षे होत आली होती. इंग्रजांचे रेसिडेंट कर्नल बॅरी क्लोज होते आणि मुळा-मुठेच्या संगमावर रेसिडेन्सीचे बंगले होते. शहर वरवर नांदते होते. खरी सत्ता कुठे आहे हे मात्र सगळ्यांना ठाऊक होते. पुढे ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि त्याच दिवशी मराठ्यांनी संगमावरची ती रेसिडेन्सी जाळली. बारा दिवसांनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. मारियाला यातले काहीच माहीत असणे शक्य नव्हते. त्यामुळेच तिच्या पुण्याच्या नोंदींना किंमत आहे. पुढे काय झाले हे ठाऊक असलेला लेखक प्रत्येक गोष्टीत ऱ्हासाची चाहूल शोधतो. मारियाला पुणे म्हणजे एका चालू राज्याची राजधानी दिसली, आणि तिने ते तसेच लिहिले.

पुढचा प्रवास या पुस्तकात संक्षेपाने दिला आहे. १८१० च्या सुरुवातीला ती सिंहलद्वीपाला गेली. किनारपट्टी इंग्रजांची होती आणि कँडीचे राज्य अजून स्वतंत्र होते. कोलंबोच्या दालचिनीच्या बागा तिने पाहिल्या. मद्रासच्या मुक्कामात ती महाबलीपुरमला गेली. कलकत्त्याला वनस्पतिउद्यानाचे प्रमुख डॉ. विल्यम रॉक्सबर्ग यांनी तिला आपल्या पदरचे देशी चित्रकार काम करताना दाखवले. दुर्मीळ झाडाफुलांची ती चित्रे पाहून, इतकी सुंदर आणि अचूक चित्रे आपण कधी पाहिली नव्हती, असा तिचा अभिप्राय पडला. ती स्वतः चित्रे काढत असल्याने या अभिप्रायाला वजन आहे. त्या चित्रकारांची नावे मात्र तिने दिलेली नाहीत.

इथे तिच्या मर्यादेचा विषय स्पष्टपणे मांडायला हवा. तिच्या रोजनिशीत न्यायाधीश, गव्हर्नर, डॉक्टर, काझी आणि मुल्ला यांना नावे आहेत. घाट चढवून नेणाऱ्या भोयांना, स्वयंपाक्यांना, तंबू ठोकणाऱ्या खलाशांना आणि रंग घोटणाऱ्या चित्रकारांना नावे नाहीत. ती ज्या डोलीत बसून दख्खन पाहत होती, ती डोली कुणीतरी खांद्यावर पेलत होते. इंग्रजी अंमल चांगला आहे आणि तो या लोकांचे भले करील, हा तिचा मूळ विश्वास कुठे फारसा हलत नाही. प्राचीन हिंदुस्थान थोर होता आणि समोरचा हिंदुस्थान खालावलेला आहे, ही त्या काळच्या युरोपीय विद्वानांची चाकोरी तिच्याही विचारात आहे. अनुवादात यातले काहीही सौम्य केलेले नाही. आज खटकणारी वाक्ये जशीच्या तशी ठेवली आहेत, कारण ती काढली तर तिचा काळ आपल्याला कळणार नाही.

तरीही साक्षीदार म्हणून तिच्यावर विश्वास का ठेवावा, याचा दाखला तिच्या पुढच्या आयुष्यात मिळतो. १८२१ मध्ये ती नवऱ्याच्या जहाजावरून ब्राझीलला गेली. तिथल्या गुलामांच्या बाजारावर तिने जे लिहिले त्यात संताप आहे. मुंबईत जी नजर निवळत होती, ती तिथे धारदार झाली. १८२२ च्या एप्रिलमध्ये केप हॉर्नच्या सागरात टॉमस ग्रॅहम वारले. छत्तिसाव्या वर्षी विधवा झालेली मारिया परत न जाता चिलीत एकटी राहिली. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला तिथे मोठा भूकंप झाला. भूकंपानंतर किनारा वर उचलला गेला आहे, आधी पाण्याखाली असलेले खडक शिंपल्यांसकट उघडे पडले आहेत, असे तिने टिपले, आणि तो वृत्तांत १८२४ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने छापला. दहा वर्षांनी सोसायटीचे अध्यक्ष ग्रीनो यांनी तिचे म्हणणे जाहीरपणे खोडून काढण्याचा प्रयत्न केला. आजारपणाने घरात खिळलेल्या मारियाने त्यांना लेखी, मुद्देसूद उत्तर दिले. १८३५ मध्ये चिलीत पुन्हा भूकंप झाला तेव्हा तरुण चार्ल्स डार्विन तिथे होता. जमीन उचलली गेल्याचे त्याने स्वतः पाहिले. मारियाचे म्हणणे खरे ठरले. ज्या सोसायटीने तिचा वृत्तांत छापला, तिने बायकांना सभासद करून घेतले ते १९१९ मध्ये. खडकाला चिकटलेले शिंपले ज्या काटेकोरपणे तिने पाहिले, त्याच काटेकोरपणे तिने तेरा वर्षांपूर्वी कार्ल्याचे खांब पाहिले होते.

पुढे चित्रकार ऑगस्टस कॉलकॉट यांच्याशी तिचा दुसरा विवाह झाला आणि १८४२ मध्ये लंडनला तिचे निधन झाले. मुलांसाठी लिहिलेला तिचा इंग्लंडचा इतिहास अनेक पिढ्यांनी वाचला. आपल्याकडे मात्र मुंबईच्या इतिहासाच्या पुस्तकांतल्या एखाद्या तळटीपेपलीकडे ती फारशी पोचलीच नाही.

मराठीत तिला आणण्याचे कारण आणखी एक आहे. १८०९ मध्ये मुंबई-पुण्याच्या वाटेवर बायका चालत नव्हत्या असे थोडेच आहे? आळंदीला, पंढरीला, जेजुरीला, काशीला जाणाऱ्या बायका होत्या. बाजाराला डोक्यावर पाट्या घेऊन जाणाऱ्या होत्या. दुष्काळात मुले काखेला मारून घाट उतरलेल्या होत्या. त्यांनी पाहिलेला मुलूख ओव्यांत आला, पण छापील पुस्तकात आला नाही. मुलींसाठी सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांची शाळा सुरू झाली ती १८४८ मध्ये. मुंबई शहराचे सविस्तर मराठी वर्णन गोविंद नारायण माडगांवकरांनी दिले ते १८६३ मध्ये. विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेला जाऊन आले आणि त्यांचा ‘माझा प्रवास’ छापला गेला १९०७ मध्ये. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला निघाल्या. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेचे लोकजीवन आणि आपला प्रवास मराठीत लिहिला, तो १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळी परका देश पाहणारी आणि त्यावर परखड लिहिणारी बाई आपली होती. मारिया आणि रमाबाई यांना शेजारी शेजारी ठेवून वाचावे. एक राज्यकर्त्यांच्या घरातून आली, दुसरी पारतंत्र्यातल्या देशातून गेली. दोघींनीही पुस्तकी समजुतींवर न विसंबता स्वतःच्या डोळ्यांनी देश पाहिला आणि स्वतःच्या नावाने लिहिला.

अनुवादाविषयी थोडेसे. मारियाने गावांची नावे कानाला आली तशी लिहिली आहेत. ती आपल्या रूढ रूपात दिली आहेत. तिचे अंतर-मापांचे आकडे तसेच ठेवले आहेत. तिच्या स्वतःच्या रेखाटनांवरून केलेली चित्रे योग्य त्या पानांजवळ छापली आहेत; ती नुसती सजावट समजू नयेत, तो तिच्या निरीक्षणाचाच भाग आहे.

वाचकांना एकच विनंती. हे पुस्तक वाचून कपाटात ठेवू नका. ते घेऊन घारापुरीला जा, कार्ल्याची चढण चढा, चिंचवडला पवनेच्या घाटावर बसा आणि तिने लिहिलेले समोरच्या दगडांशी ताडून पाहा. जिथे ती चुकली आहे तिथे समासात लिहा. तुमच्या गावाची, वाड्याची, देवळाची जी माहिती घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ठाऊक आहे, ती त्यांच्या नावासकट आजच लिहून काढा.